चौकाची काच आणि उचंत खाते



गेल्या काही लेखांत आपण ठेवी, वारसनोंद आणि विमा यांविषयी विचार केला. या वेळचा विषय वरवर पाहता गवंडीकामाचा वाटेल. घराच्या छताला उजेडासाठी ठेवलेल्या झरोक्यातून पाणी टपकू लागले, तर ते कोठून येते हे कसे ओळखावे आणि त्यावर उपाय कोणता करावा, एवढाच तो आहे. परंतु या पाण्यापायी आमच्या कुटुंबात एका कष्टकऱ्याची मजुरी अडकून राहिली, आणि ती अडकवण्याचा सल्ला माझाच होता. म्हणून हा विषय जमाखर्चाच्या या सदरातच मांडणे मला योग्य वाटले.

आपल्या वऱ्हाड-खानदेशाकडील जुन्या धाब्याच्या घरांत छताला एक भोक ठेवलेले असे. त्याला साणे म्हणतात. चुलीचा धूर त्यातून वर जाई आणि दिवसा उजेडाचा झोत खाली येई. माझ्या आजोळी पावसाची सर आली की कोणीतरी धाब्यावर धावत जाऊन साण्यावर लोखंडी घमेले पालथे घाली आणि त्यावर दगड ठेवी. साण्याभोवती मातीची वीतभर उंच कड केलेली असे, म्हणजे धाब्यावरचे पाणी वाहत येऊन आत पडू नये. दरवर्षी मृगापूर्वी धाब्यावर नवी माती पसरली जाई आणि त्याच वेळी ती कडही नव्याने लिंपली जाई. सध्याच्या स्कायलाइटचे जे शास्त्र आहे, त्यातील पहिला नियम त्या मातीच्या कडेत होता. त्याकडे पुढे येतो.

माझे थोरले बंधू खामगावला राहतात. घर जुने, मधोमध उघडा चौक, चौकाला लागून स्वयंपाकघर. पंचवीसएक वर्षांपूर्वी माकडांचा आणि धुळीचा त्रास नको म्हणून त्यांनी चौकावर लोखंडी सांगाडा उभारून काचा बसवून घेतल्या. घरात सर्वजण तिला ‘चौकाची काच’ म्हणतात. पहिली तीन-चार वर्षे बरी गेली. त्यानंतर दर पावसाळ्यात कोठून ना कोठून पाणी येऊ लागले. एका वर्षी डांबर ओतले, दुसऱ्या वर्षी सिलिकॉनच्या नळ्या रिकाम्या केल्या, तिसऱ्या वर्षी वर ताडपत्री बांधली. बंधूंची खर्चाची वही नेटकी असते. ‘काच दुरुस्ती’ या नावाच्या नोंदींची मी एकदा बेरीज केली, तेव्हा नऊ वर्षांत ६२ हजार रुपये गेलेले दिसले. गळती होती तेथेच होती.

मागच्या वर्षी अक्षय तृतीयेनंतर एका मिस्त्रींना बोलावले. ते घाटाखालच्याच एका गावचे. त्यांनी डांबर-सिलिकॉनचा जुना थर पूर्ण खरवडून काढला, काचेखालचा बांध सहा इंच उंच केला, स्लॅब आणि बांध जेथे मिळतात तेथे वाटा मारला, म्हणजे तो कोपरा सिमेंटने गोलसर उतरता केला, आणि चारी बाजूंनी पत्र्याची झालर बसवली. मजुरीतील ८ हजार रुपये मागे ठेवायचे आणि पावसाळा कोरडा गेला तर दिवाळीला द्यायचे, असे ठरले. ही अट मीच सुचवली होती. बँकेत असताना बांधकामाच्या कर्जाचा शेवटचा हप्ता काम पाहिल्याशिवाय देत नसू, त्याच सवयीने.

पावसाळा कोरडा गेला. ऑगस्टमधील तीन दिवसांच्या झडीतही चौकात थेंब पडला नाही. दिवाळी झाली, लाभपंचमी झाली, देऊ-देऊ म्हणता पैसे द्यायचे राहून गेले. आणि डिसेंबरच्या अखेरीस एके सकाळी वहिनींना चौकातील फरशी ओली दिसली. वर पाहिले तर काचेच्या कडेने थेंब गळत होते. चार दिवस ओळीने तसेच झाले. बंधू संतापले. मिस्त्रींना फोनवर बोलावून घेतले, शेजाऱ्यांसमोर चार शब्द सुनावले. मला विचारले, तेव्हा मीही बुलढाण्याहून फोनवरच निकाल दिला : “गळती सुरू झाली आहे, तर ८ हजार देऊ नका.” पुढे बंधूंनी ठरवले की आता काचच नको. उन्हाळ्यात चौकावर पक्का स्लॅब टाकायचा. अंदाजपत्रक लाखाच्या वर गेले.

या स्लॅबला वहिनींनी विरोध केला. त्या फारसे बोलत नाहीत, परंतु त्यांचा प्रश्न सरळ होता. डिसेंबरात खामगावला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. साडेपाचला चौकात दिवा लावूनच जेवायचे असेल, तर सूर्यास्तापूर्वी जेवण्याला अर्थ काय उरला? ताटात काय आहे, धान्यात किडा-मुंगी आहे की नाही, हे नैसर्गिक उजेडात दिसावे हाही त्या नियमामागचा एक हेतू आहे. चौक बंद झाला की स्वयंपाकघर दिवसभर अंधारात जाणार होते. त्यांचे म्हणणे रास्त होते. पण गळतीला त्यांच्याजवळ उत्तर नव्हते, आणि आमच्याजवळही नव्हते.

उत्तर मिळाले ते फार दूरवरून. माझी कन्या कॅनडात टोरांटोजवळ राहते. रविवारी तिच्याशी बोलताना मी हा प्रकार सांगितला. तिने लगेच विचारले, “बाबा, त्या चार दिवसांत पाऊस पडला होता का?”

पाऊस पडला नव्हता. आकाश निरभ्र होते. एवढी साधी गोष्ट आम्हा दोघा वडीलधाऱ्यांच्या लक्षात आली नव्हती.

तिच्या घरी जिन्यावर असाच काचेचा झरोका आहे. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत त्यातून पाणी टपकू लागले. बाहेर उणे १५ अंश, पाऊस असणे शक्यच नव्हते. छप्पर दुरुस्त करणाऱ्यास बोलावले. त्याने वर जाऊन पाहिले आणि सांगितले की छप्पर ठीक आहे. पाणी घराचेच आहे. स्वयंपाकाची, आंघोळीची, कपडे वाळवण्याची आणि माणसांच्या श्वासाचीही वाफ उबदार हवेबरोबर वर जाते, थंडगार काचेला लागते आणि पाणी होऊन खाली पडते. त्याने दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत. घरातील हवेचा ओलावा मोजणारे लहानसे यंत्र घ्या आणि कडक थंडीत तो ३० ते ४० टक्क्यांच्या आत ठेवा, एवढेच सांगितले.

तेथे आणखी एक प्रकार घडतो, तो आपल्याकडे नाही. पण विचार करण्यास उपयोगी आहे म्हणून सांगतो. छपरावर बर्फ साचलेले असते. घरातील ऊब छपरातून वर झिरपली की बर्फाचा खालचा थर वितळतो. ते पाणी उतारावरून वाहत थंड कडेपर्यंत येते आणि तेथे पुन्हा गोठते. असे होत होत कडेला बर्फाचा बांध तयार होतो. मागून येणारे पाणी त्या बांधामागे तुंबते आणि छपराच्या आवरणाखाली उलटे शिरते. झरोक्याच्या चौकटीभोवतीही हेच होते. अशा वेळी वरून कितीही लेप लावले तरी उपयोग होत नाही. घरातील ऊब वर जाऊ नये म्हणून आतून फटी बंद कराव्या लागतात आणि उष्णतारोधक थर वाढवावा लागतो. म्हणजे पाणी वरून येताना दिसते, पण त्याचे कारण खाली घरात असते.

दुसऱ्याच दिवशी मी बोथ्याच्या घाटातून खामगावला गेलो आणि रात्री तेथेच राहिलो. रात्री झोपण्यापूर्वी पुतण्याने शिडी लावून काच आतून कोरड्या फडक्याने पुसली. पहाटे पाच वाजता काच कोरडी होती. साडेपाचला वहिनींनी दिवसभराचे पिण्याचे पाणी उकळण्यास ठेवले. आपल्या अनेक घरांप्रमाणे तेथेही उकळलेलेच पाणी पितात. घरात दहा माणसे, म्हणून दोन मोठी पातेली. झाकण नव्हते. सहा वाजता काचेवर धुके आले, सव्वासहाला त्याचे थेंब झाले, साडेसहाला ते लोखंडी पट्टीवरून घरंगळत येऊन फरशीवर पडू लागले. ऊन वर आल्यावर नऊपर्यंत काच पुन्हा कोरडी झाली. उकळण्यापूर्वी आणि नंतर पातेल्यातील पाणी मोजले, तर सुमारे पाऊण लिटर पाणी हवेत गेलेले होते.

हे गणित आपल्यासारख्या व्यापारी वाचकांना कठीण नाही. ओलाव्याचे मोल आपल्याला ठाऊक आहे. कापसात ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण हमीभाव, त्यावर कपात, आणि १२ टक्क्यांपुढे सरकारी खरेदी नाही. हवेचेही असेच माप असते. २० अंश तापमानाच्या एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते, १० अंशांना सुमारे ९ ग्रॅम, आणि ० अंशाला सुमारे ५ ग्रॅम. हवा थंड होत गेली की तिची धारण करण्याची क्षमता कमी होते आणि वरचढ वाफ पाणी होऊन बाहेर पडते. ज्या तापमानाला हे सुरू होते त्याला दवबिंदू म्हणतात. त्या सकाळी पाणी उकळल्यानंतर चौकातील हवा २२ अंश आणि ओलावा ८० टक्के होता. अशा हवेचा दवबिंदू सुमारे १८ अंश. बाहेर १० अंशांची थंडी होती. निरभ्र रात्री काच आकाशाकडे उष्णता सोडत राहते, त्यामुळे ती आणखी गार पडते. मग दव पडणार नाही तर काय? शेतात गवतावर पडते, तेच आमच्या काचेला आतून पडत होते.

पूर्वी असे का होत नव्हते, हा प्रश्न बंधूंनी विचारला. त्याचे उत्तरही त्या दुरुस्तीतच होते. पूर्वी काचेच्या चौकटीभोवती फटी होत्या. पावसाळ्यात त्यांतून पाणी आत येई, पण हिवाळ्यात त्यांतूनच वाफ बाहेर जाई. मिस्त्रींनी फटी उत्तम बुजवल्या. त्यांचे काम इतके चोख झाले होते की वाफेला वाट उरली नाही. ज्या पाण्यावरून आम्ही त्यांना दोष दिला, ते एका अर्थी त्यांच्या चांगल्या कामाचाच पुरावा होते.

बँकेत दिवसाचा ताळमेळ बसला नाही की रोखपालाकडे बोट दाखवण्याची घाई नवखे अधिकारी करीत. जुने अधिकारी आधी एकेक व्हाउचर तपासत. रक्कम कोणत्या खात्याची आहे हे कळेपर्यंत ती उचंत खात्यात ठेवत. पण उचंत खात्याचाही नियम असा की त्यातील रक्कम वेळेत शोधून ज्याची त्याला पोहोचवायची. ती तेथे पडून राहणे हा दोषच. आम्ही मिस्त्रींचे ८ हजार रुपये उचंत खात्यात टाकले आणि शोध घेतलाच नाही. खरे सांगायचे तर दिवाळीनंतर ती रक्कम आमची राहिलीच नव्हती. दुसऱ्याचे देणे हातात असूनही न देणे अचौर्याच्या व्रतात कोठे बसते, हे मी या मासिकाच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

त्याच दुपारी बंधू आणि मी त्यांच्या गावी गेलो. बंधूंनी पैसे दिले आणि चूक आमची झाली असे स्पष्ट सांगितले. मिस्त्री काही क्षण बोलले नाहीत. मग म्हणाले, “साहेब, पाऊस तं एक थेंब नव्हता. मंग पानी माह्या कामातून कसं येईन? हे म्या शेठले तवाच इचारलं होतं.” त्यांनी खरोखर विचारले होते, आम्ही ऐकले नव्हते. मुलाच्या कॉलेजची फी त्यांनी उसनवारी करून भरली होती. त्याहून मोठे नुकसान दुसरेच होते. आमच्या गल्लीतील दोन घरांनी त्यांना ठरलेले काम नाकारले होते, कारण ‘त्यांचे काम गळते’ असे बंधूंच्या तोंडून त्यांनी ऐकले होते. पैसे एका दिवसात परत करता आले. गेलेली पत परत देण्यासाठी बंधूंना त्या दोन्ही घरी स्वतः जावे लागले. एका घरी काम पुन्हा मिळाले. दुसऱ्या घरचे तोवर दुसऱ्याने केले होते.

हे सविस्तर लिहिले ते एवढ्यासाठी की असा प्रसंग कोणाच्याही घरी येऊ शकतो. आता कामाचे मुद्दे क्रमाने देतो.

पहिले काम म्हणजे नोंद. पाणी दिसले की तारीख, वेळ, त्या दिवशी पाऊस होता की नाही, वारा कोणत्या दिशेचा होता आणि थेंब कोठे पडला हे पंधरा दिवस लिहून ठेवावे. पाऊस थांबल्यावर अर्ध्या-एक तासात पाणी येत असेल तर ते वरचे. पाऊस नसताना, पहाटे किंवा स्वयंपाकाच्या वेळी येत असेल आणि ऊन चढल्यावर थांबत असेल तर ते घरातील वाफेचे. एकाच दिशेच्या वाऱ्याच्या पावसातच येत असेल, तर त्या बाजूच्या सांध्यात दोष आहे.

दुसरे, पाण्याचा रंग पाहावा. छतातून झिरपलेले पाणी गंज, माती, चुना घेऊन येते. भिंतीवर तांबूस-पिवळसर डाग आणि लोणा दिसतो. वाफेचे पाणी स्वच्छ असते आणि ते एका ठिकाणी न दिसता काचेवर सर्वत्र पसरलेले असते. रात्री काच आतून पुसून पहाटे पाहणे ही सर्वांत सोपी आणि बिनखर्ची परीक्षा आहे.

तिसरे, थेंब जेथे पडतो तेथेच भोक आहे असे समजू नये. पाणी लोखंडी पट्टीवरून किंवा स्लॅबच्या खालच्या अंगाने चार-पाच फूटही वाहत जाते आणि सोयीच्या ठिकाणी टपकते. नेमकी जागा शोधण्यासाठी कोरड्या दिवशी वर एकाने झारीने पाणी सोडावे आणि आत एकाने पाहत राहावे. सुरुवात उताराच्या सर्वांत खालच्या कडेपासून करावी, दहा मिनिटे थांबावे, मग बाजूंवर आणि शेवटी वरच्या कडेवर यावे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्याच सांध्यांवरून वाहते आणि कोणता सांधा दोषी ते कळत नाही. नळी लावून पाण्याची नासाडी करण्याची गरज नाही. गाळलेल्या पाण्याच्या एक-दोन बादल्या पुरतात.

दोष वरच्या पाण्याचा असेल तर उपाय असे. काच स्लॅबला टेकवून कधीही बसवू नये. निदान सहा इंच उंचीचा बांध हवा. साण्याभोवतीची मातीची कड ती हीच. जलरोधक लेप स्लॅबवर संपवू नये. तो बांधावर चढवून चौकटीच्या खालपर्यंत न्यावा. पत्र्याची झालर कौलांप्रमाणे वरचा तुकडा खालच्यावर येईल अशी बसवावी, म्हणजे सांध्यातील लेप निकामी झाला तरी पाणी बाहेरच पडते. उताराच्या वरच्या अंगास पाणी तुंबत असेल तर तेथे सिमेंटचा लहानसा दुहेरी ढाळ करून ते दोन्ही बाजूंना वळवावे. काचेलाही ढाळ द्यावा. सिलिकॉन भरण्यापूर्वी जुने पूर्ण खरवडावे. धुळीवर आणि जुन्या सिलिकॉनवर नवे धरत नाही. तयार ॲल्युमिनियमच्या चौकटींना खालच्या कडेस बारीक छिद्रे असतात. ती पाणी निघून जाण्यासाठीच ठेवलेली असतात. उत्साहाच्या भरात ती सिलिकॉनने बुजवली की हमखास गळती सुरू होते. हे मी दोन घरी पाहिले आहे.

आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्याच्या तोंडावर गारपीट होते, हेही विसरू नये. डोक्यावरची काच लॅमिनेटेड असावी. ती फुटली तरी तुकडे मधल्या पापुद्र्याला चिकटून राहतात, खाली कोसळत नाहीत.

दोष वाफेचा असेल तर वर काहीही करू नये. पातेल्यांवर झाकण ठेवावे. धूर-वाफ ओढणारा पंखा चूल पेटवण्यापूर्वी सुरू करावा आणि नंतरही अर्धा तास चालू ठेवावा. काचेच्या उंच बाजूस पावसाचे पाणी शिरणार नाही अशी झडपेची खिडकी ठेवावी आणि तिला बारीक जाळी लावावी, म्हणजे कीटक आणि पाखरे आत येऊन अडकणार नाहीत. एकेरी काचेखाली पोकळ पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक पत्रा बसवला तर मध्ये हवेचा थर राहतो आणि आतील पृष्ठभाग गार पडत नाही. मात्र त्याच्या कडा रबरी पट्टीने आणि पोकळ टोके टेपने नीट बंद करावीत, नाही तर वाफ मधल्या जागेत शिरून तेथेच दव धरेल. बंधूंच्या घरी हे सर्व २४ हजार रुपयांत झाले, आणि ते काम त्याच मिस्त्रींनी केले. स्लॅबचा लाखाचा खर्च वाचला आणि चौकातील उजेड राहिला.

गोदामांविषयी दोन शब्द. उजेडासाठी टिनाच्या पत्र्यांत मध्येमध्ये पारदर्शक पत्रे टाकलेले असतात. तेथे गळती बहुधा स्क्रूच्या भोकातून होते. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर असावा, पाणी वाहणाऱ्या खोलगट भागात नसावा, आणि उन्हाने कडक झालेले रबरी वॉशर काही वर्षांनी बदलावेत. तसेच ओलसर माल गोदामात भरून दारे बंद केली, तर त्याच मालाची वाफ रात्री पत्र्याला लागून पोत्यांवर टपकते. अशा वेळी वरच्या पत्र्याला किंवा चौकीदाराला बोल लावण्यापूर्वी मालाचा ओलावा तपासावा.

शेवटी जयणेचा विचार. शेवाळ आणि बुरशी यांना आपल्या शास्त्रांत अनंतकाय म्हटले आहे. प्रतिक्रमणात आपण दव, शेवाळ, पाणी, ओली माती यांतील जीवांना झालेल्या पीडेबद्दल क्षमा मागतो. भिंतीवर बुरशी आल्यानंतर ती खरवडणे हिंसा आहे आणि तशीच राहू देणे घराच्या आरोग्याला घातक आहे. म्हणून ती उत्पन्नच होऊ न देणे हाच मार्ग. छताची तपासणी आणि दुरुस्ती अक्षय तृतीया ते मृग या काळात, छत कोरडे असताना आणि चातुर्मासापूर्वी उरकावी. हिवाळ्यातील दवाची तपासणी डिसेंबरच्या एखाद्या पहाटे करावी.

बंधूंच्या वहीत आता त्या ८ हजारांची नोंद ‘मजुरी, दिवाळीची, उशिरा दिली’ अशी आहे. ‘उशिरा दिली’ हे शब्द त्यांनी स्वतःहून लिहिले. वहिनी सकाळी पातेल्यांवर झाकण ठेवतात, आणि संध्याकाळी घरातील सगळे चौकात उजेडी जेवतात.